माहेरवाशिणीची खाट

गोंदिया,
रविवार सकाळ (पोहे झाले, भांडी व्हायची आहेत)

तीर्थरूप मोठी आई,

तुझ्या पुतणीचा, रेणूचा, पायांना हात लावून नमस्कार.

"लेक माहेरी आली का तिनं बसाचं रायते," असं तू मला म्हणाली होतीस. लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी होती. मी अंगणातला झाडू उचलला, तो तू माझ्या हातातून काढून घेतलास आणि मला खाटेवर बसवलंस. त्याला बावीस वर्षं झाली. ते वाक्य आज का आठवलं हे पुढे येईलच. आधी तुझी खुशाली सांग. डोळ्यात थेंब वेळेवर घालतेस ना? रोशनचा खोकला गेला का? गाय व्याली का? आणि काठी अजून हातात असते का? (काठीचं सगळ्यांत शेवटी विचारते आहे, म्हणजे तेच सगळ्यांत आधी विचारायचं होतं, हे तू ओळखलंच असशील.)

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "जेवली का? पोरगी जेवली का? बरं ठेव," एवढ्यात आपलं संभाषण संपतं. पत्राला मध्येच ठेवून देता येत नाही. ऑपरेशननं डोळा नवा झाला तरी तू हे सुनेकडून, नीतूकडूनच वाचून घेशील, कारण तुला वाचण्यापेक्षा ऐकायला आवडतं. म्हणून नीतू, तुला सांगते, सगळं वाच, गाळू नकोस. कंसात तुझं नाव दिसलं की तेवढं तुझ्यासाठी.

तुला माहीत आहे की गेल्या वर्षीपासून मी सकाळी व्यायामाच्या वर्गाला जाते. पाऊण तास घाम येईपर्यंत हातपाय हलवते, आणि त्यातली वीस मिनिटं तिथली एका जागी उभी असणारी सायकल चालवते. (माझी शाळेतली खरी सायकल तुमच्या गोठ्यात आहे आणि तिला बकरी बांधतात, हे मी वर्गात कुणाला सांगितलेलं नाही.) मला वाटत होतं, आपण फार हालचाल करणारी बाई झालो. मग मे महिन्यात तपासणीत साखर जरा वर निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "व्यायामाचा एक तास सोडून बाकीचे तेवीस तास काय करता?" मी म्हटलं, "नोकरी करते." ते म्हणाले, "म्हणजे बसता."

राग आला, पण घरी येऊन हिशेब केला तर खरंच होतं. लिफ्टनं खाली, स्कूटीवर ऑफिस, ऑफिसात खुर्ची. फाईल आमचा शिपाई सुखराम आणून देतो, चहा सुखराम आणून देतो, पाण्याची बाटली संपली की सुखरामला आधी कळतं, मला नंतर. संध्याकाळी स्कूटी, लिफ्ट, सोफा. आपल्या घराण्यानं म्हणे डोक्यावर टोपल्यांनी माती वाहून गावाच्या तलावाची पाळ बांधली. त्याच घराण्यातली मी टीव्हीचा रिमोट शोधायला पोरीला, गुंजनला, आतल्या खोलीतून हाक मारते.

गुंजननं मग मला एक घड्याळ घेऊन दिलं. ते पावलं मोजतं आणि माणूस तासभर बसलं की मनगटावर थरथरतं. थरथरलं की उठायचं. पहिल्याच दिवशी ऑफिसात मी उठले तर सुखराम धावत आला, "का पायजे मॅडम?" काही नको म्हटलं आणि बसले. तासानं पुन्हा उठले, तो पुन्हा आला. तिसऱ्यांदा मी त्याला टाळून स्वतःच रेकॉर्ड रूममध्ये गेले, पायऱ्या उतरले, फाईल घेतली, पायऱ्या चढले. आठवडाभर असं केलं. मला फार बरं वाटत होतं. रविवारी दारावर सुखराम, सोबत त्याची बायको, आणि हातात घरच्या झाडाचे आंबे. उभ्याउभ्याच म्हणाला, "काही चुकलं का जी मॅडम माझं? रिटायर व्हाले एकच वर्ष रायलं." त्याला वाटलं मी त्याच्याविरुद्ध काही लिहून देणार आहे, म्हणूनच त्याचं काम त्याच्याकडून काढून घेते आहे. मी त्याला घड्याळ दाखवलं, साखर सांगितली, डॉक्टर सांगितले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि त्याची बायको म्हणाली, "बसून राहाले भेटते तं बसावं नं बाई." शेवटी असं ठरलं की आम्ही दोघांनी मिळून फाईल आणायला जायचं. तेव्हापासून आमच्या ऑफिसात एका फाईलीला दोन माणसं लागतात.

घरी तर त्याहून गंमत. मी लिफ्ट सोडून जिन्यानं चढायला लागले. तिसऱ्या मजल्यावरचे श्यामलालजी भेटले, ते आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी आहेत. म्हणाले, "भाभीजी, लिफ्ट में कुछ हुआ क्या?" मी म्हटलं, "नहीं भाईसाहब, मैं ऐसेच चढ रही हूँ." ते म्हणाले, "ऐसेच कौन चढता है?" दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी कागद लागला की लिफ्टमध्ये बिघाड असल्याचा संशय आहे, कृपया जिना वापरावा. दोन दिवस सगळी बिल्डिंग जिन्यानं चढत होती, आणि मला शिव्या देत होती. मेकॅनिक आला, लिफ्ट ठणठणीत निघाली. तेव्हापासून मी दबक्या पावलांनी चढते, आणि वरून कुणी येताना दिसलं की चप्पल तुटल्याचं नाटक करून थांबते.

आता जुलैतलं. (नीतू, इथून हळू वाच.) मी धानाच्या रोवणीला आले होते ते खरं म्हणजे तुला भेटायला नव्हे, चिखलात उतरायला आले होते. हे मी तुला सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, दिवसभर पाण्यानं भरलेल्या बांधीत वाकून रोपं लावणाऱ्या बायकांच्या रांगेत आपणही एक होऊ. तू काय केलंस? रोशनला सांगून खाट शेतात नेलीस, कडेला धुऱ्यावर मोहाच्या झाडाखाली टाकलीस, वर मेणकापड बांधलंस. आणि मला त्यावर बसवून स्वतः पंचाहत्तराव्या वर्षी लुगडं खोचून रांगेत उतरलीस. मी बसले. घड्याळ थरथरलं. मी उठले. रांगेतून तुझा आवाज आला, "काऊन उठली वं? पाणी पायजे?" मी बसले. पुन्हा थरथरलं, पुन्हा उठले, पुन्हा "काऊन उठली वं?" तिसऱ्यांदा मी साडी वर खोचून सरळ उतरले आणि रांगेतल्या शामकलाच्या बाजूला उभी राहिले. सगळ्या बायका रोपं हातात धरून माझ्याकडे पाहायला लागल्या. शामकलानं खालच्या आवाजात विचारलं, "सासरी बरं हाय नं बाई?" माहेरी आलेली लेक चिखलात उतरली म्हणजे तिकडे काहीतरी बिनसलंय, दुसरं काय कारण असणार! मी हसून म्हटलं, सगळं बरं आहे. ते कुणाला पटलं नाही. संध्याकाळपर्यंत हेमेंद्रनं मला टाकल्याची बातमी किराणा दुकानापर्यंत पोचली होती, आणि तो रात्री आठला मला घ्यायला आला तेव्हा लोक त्याच्याकडे पाहत होते. बिचारा मला विचारत होता, "आज माझ्या तोंडाला काही लागलंय का?"

मी लावलेली ती दीड ओळ शामकलानं माझी पाठ फिरल्यावर उपटून पुन्हा लावली, हे मला नीतूनं नंतर सांगितलं. (नीतू, हे वाचलंस तरी चालेल, तिला माहीत आहे.) तू मला चहा दिलास, पाय धुवायला गरम पाणी दिलंस. मला वाईट याचं वाटलं नाही की ओळ चुकली. शिकले असते. पण मला शिकवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. लहान होते तेव्हा "तू अभ्यासाला बस," मोठी झाले तेव्हा "तू पाहुणी, तू बस." बाबांनी बसवलं, तू बसवलंस, नोकरीनं बसवलं. माझ्यावर ज्यांनी ज्यांनी माया केली त्यांनी मला बसवलं, मोठी आई. तक्रार करत नाही. आपल्याकडे मायेला 'बस'शिवाय दुसरा शब्दच नाही.

आणि हे माझ्यातही उतरलं, ते नोव्हेंबरात कळलं. तू मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्याकडे आलीस. डॉक्टरांनी आठ दिवस वाकू नका, जड उचलू नका म्हटलं होतं. चाला-फिरा, असंही म्हटलं होतं. मी आठाचे वीस केले आणि चालण्याचं विसरले. तू झाडू घेतलास, मी काढून घेतला. भाजी निवडायला मागितलीस, मी निवडून ठेवली होती. खाली फिरून येते म्हणालीस, मी म्हटलं रस्त्यावर गाड्या फार आहेत, तू बस. तू म्हणालीस, "किती बसू वं?" मी हसले. गुंजन हसली. बावीस वर्षांची माझी उधारी मी वीस दिवसांत फेडत होते, आणि मला ते छान वाटत होतं.

तू जमिनीवरून हात न टेकता उठायचीस. मी ऑफिसात लोकांना हे सांगायचे. अठराव्या दिवशी तू सोफ्यावरून उठताना हात पुढे केलास. मी धरला. लिहायला जड जातं, पण खरं लिहिते, त्या क्षणी मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुला माझ्या हाताची गरज लागली होती. नंतर बसस्टँडवर तुला काठी टेकत बसमध्ये चढताना पाहिलं, तेव्हा कळलं की मी काय केलं. मी त्या दिवशी रोशनला फोन करून वर आणखी बजावलं होतं, आईला काही करू देऊ नको. त्यानं ऐकलं. आता नीतू सांगते की तू सकाळी तलावाच्या पाळीवर जात नाहीस, सडा ती घालते, अंगणातला नळ आत घेतला आहे, आणि तू खाटेवर बसून दुपार कधी होते याची वाट पाहतेस.

तर रोशनला आणि नीतूला मी या पत्रानं सांगते की माझं ते बजावणं मी परत घेते. इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काही मोडलेलं नाही, बसून पाय आखडलेत, रोज थोडं थोडं चालवा, घरातलं झेपेल ते करू द्या. नीतू, झाडू तिच्या हाताला लागेल असा ठेव. ती सांडेल, हळू करेल, तुझं काम वाढेल, तरी ठेव. पहिले काही दिवस पाळीवर जाताना कुणीतरी सोबत जा, पण तिला सोबत वाटू देऊ नका, नाहीतर ती भांडेल. मोठी आई, हे सगळं वाचून तू म्हणशील, "मले कोण थांबवते? मी तं जातोच." मग जा. मला एवढंच हवं आहे.

महाशिवरात्रीला मी चार दिवस येते आहे. हेमेंद्र आणि गुंजन येत नाहीत. (गावात आधीच सांगून ठेव की सासरी बरं आहे.) सगळ्यांना नमस्कार, गायीला चारा.

तुझी,
रेणू

ता. क. गुंजन सगळ्या नातेवाइकांना सांगत असते की आई रोज अकरा हजार पावलं चालते. तुलाही सांगितलं असेल. ती पावलं सुखरामची आहेत. मीटिंगमध्ये घड्याळ थरथरायला लागलं म्हणून एकदा त्याच्या हातावर बांधलं, तेव्हापासून तो सकाळी मागून घेतो आणि पाचला परत देतो. "आज किती झाले जी मॅडम?" विचारतो आणि आकडा ऐकून खूश होतो. चाळीस वर्षं तो एवढंच चालला, कुणी मोजलं नव्हतं. (नीतू, हे गुंजनला सांगू नकोस.)

ता. क. दुसरी. हे पत्र लिहायला मला अडीच तास लागले. सगळं बसून लिहिलं. भांडी हेमेंद्रनं घासली, मी उठायला लागले तर म्हणाला, "तू बस."

ता. क. तिसरी, आणि खरं पत्र हेच. मी येणार म्हटल्यावर तू रोशनला खाटेची दोरी आवळायला सांगितलीस, असं नीतूनं कालच फोनवर सांगितलं. आवळू नकोस. आवळली असेल तर ढिली कर. मी आले की अंगणात ती टाकू नकोस आणि मला "बस" म्हणू नकोस. सकाळी एक झाडू तू घे, एक मला दे. अर्धं अंगण तुझं, अर्धं माझं, आणि माझं नीट झालं नाही तर माझ्यासमोर सांग, पाठीमागून पुन्हा झाडू नकोस. तू नाही म्हणशील हे मला ठाऊक आहे. नीतू हे वाचत असताना तू मान हलवून नाहीच म्हणते आहेस, हेही ठाऊक आहे. तरी मागते, मोठी आई. एक झाडू दे.