भुऱ्याचं मटण

१२ जानेवारी, रविवार

योगराजचा फोन! दीड वर्षाने. मला वाटलं, कुणीतरी गेलं. तसं काही नव्हतं — भुऱ्या जेवत नाही म्हणे. दूध-भाकरी हुंगून तोंड फिरवतो. तेरा वर्षांचा झाला कुत्रा. कुणीतरी सांगितलं म्हणून कच्च्या मटणाचे चार तुकडे टाकले, तर भांडं चाटून लख्ख केलं. रोज घातलं तर चालेल का, हे विचारायला फोन. तू लॅबमध्ये असतेस, तुला माहीत असेल, म्हणाला.

अकरा वर्षांच्या संसारात या माणसाने मला एक गोष्ट विचारली नव्हती. दिवसभर दुकानात पंपांच्या जळक्या मोटारी रिवाइंड करायच्या, तांब्याची तार गुंडाळायची, घरी यायचं, जेवायचं, भिंतीकडे बघत पडायचं. भांडण नाही, मारहाण नाही. त्या मुकेपणालाच कंटाळून मी धुळं सोडलं, इथे जळगावात नोकरी धरली. भुऱ्याला आणता आलं नाही. घरमालकाची पहिली अट — कुत्रं नको.

विचारून सांगते म्हटलं.

१३ जानेवारी

दुपारी जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, शिजवून घालणंच बरं. तो शिजवलेलं खातच नाही म्हटल्यावर मग एकेक सांगत गेले. संध्याकाळी मीच फोन लावला. दोनदा नंबर चुकला — पाठ असलेला नंबर!

सगळं सांगितलं. एकाच खात्रीच्या दुकानातून ताजं घ्या. काळीज, फुप्फुस कच्चं मुळीच नाही. आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, मगच घाला. तो म्हणाला, म्हणजे जंतू मरतात ना? मी म्हटलं, जंत मरतात बरेचसे. जंतू नाही मरत, नुसते झोपतात. म्हणून ओट्यावर ठेवून वितळवायचं नाही, फ्रीजच्याच खालच्या कप्प्यात ठेवायचं. फळी-सुरी वेगळी. हात साबणाने.

"थांब, लिहून घेतो," म्हणाला. कागद शोधल्याचा आवाज आला. मी थांबले.

२६ जानेवारी

त्याचा फोन — अर्ध्या तासात खाल्लं नाही तर? टाकून द्यायचं, पुन्हा फ्रीजमध्ये नाही. एवढंच बोलणं. तुम्ही जेवलात का, हे विचारायचं राहिलं.

९ फेब्रुवारी

आज त्याने फोन भांड्याजवळ धरला. भुऱ्याचं चपचप खाणं ऐकलं. दात गेलेत त्याचे, बारीक करून घालतो म्हणे. मी बजावलं, खाल्ल्यावर तोंड चाटू देऊ नका. तर म्हणाला, आता चाटत नाही कुणाला, तुझ्या निळ्या साडीवर पडून असतो.

कपाट उघडून साडी काढली असेल त्याने. फोन कुणीच ठेवला नाही.

२ मार्च

भुऱ्याला हगवण. काल दिवसभर लाइट नव्हती, मटण वितळलं, याने रात्री पुन्हा गोठवलं आणि सकाळी तेच घातलं! मी वाटेल ते बोलले. सलाइन लावलंय.

३ मार्च

रजा मागायला सरांच्या टेबलापर्यंत गेले आणि परत आले. कोण म्हणून जायचं त्या घरी?

५ मार्च

उठला! पाणी प्यायला. देवाजवळ दिवा लावला.

२१ मार्च

फोन आता रोज. संध्याकाळी सातला. विचारतो तेच — किती दिवस ठेवू, कुठल्या कप्प्यात. कागद हरवला असेल. मीही पहिल्यापासून सांगते. भुऱ्याजवळ फोन धरा म्हटलं तर झोपलाय म्हणाला.

ठेवता ठेवता म्हणाला, "तू जेवलीस का?"

६ एप्रिल

उन्हाने पत्रे तडतडतात. सुट्टीचा दिवस सरत नाही. एक ताट, एक वाटी, घासून पालथी घातली. साडेसहापासून दुसरं काही हातात घेत नाही मी. फोन चार्ज आहे का, आवाज वाढवलाय का. चाळिशीची बाई!

धुळ्याच्या घरात या वेळी मागच्या दारात सावली येते. तो दुकानातून आल्यावर तिथे हात धुतो — कोपरापर्यंत, तांब्याच्या तारेचा वास जाईपर्यंत. भुऱ्या पायाशी. मी आतून बघायचे. तेव्हा त्यात काही आहे असं वाटलं नव्हतं.

जावं का? बोलवत तर नाही तो.

१८ एप्रिल

कौतिकआक्का लॅबमध्ये आल्या होत्या, साखर तपासायला. योगराजची थोरली बहीण, इथेच जळगावात दिलेली. नणंद म्हणून कधी टोचलं नाही त्यांनी. रक्त मीच घेतलं. बोलता बोलता म्हटलं, आक्का, भुऱ्याची तब्येत बरी आहे ना आता?

त्यांनी मोकळा हात माझ्या हातावर ठेवला.

"भुऱ्या तं होळीना पहिलेच ग्या, माय. झोपमाच ग्या. तुले सांगं नही का योगराजनी?"

होळी होऊन महिना उलटला होता. कापूस दाबून धरा म्हटलं त्यांना. पुढचे तीन पेशंट कसे केले, आठवत नाही.

सातला फोन वाजला. मी उचलला नाही. भुऱ्यासाठी रडून घेतलं.

१९ एप्रिल

सात वाजता फोन. मटणाला आठ दिवस झाले, आज काढलं तर चालेल का, म्हणाला.

मी म्हटलं, "काढा. पण या वेळी शिजवा. मी उद्या सकाळच्या गाडीने येते."

पलीकडे फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "रिकामा आहे. आणावं लागेल."