तांबडीचा संतुलित आहार

४ जून
आजपासून गोठा माझ्या ताब्यात. नोकरी सोडली (त्यांनी सुचवलं, मी मान्य केलं) तेव्हाच हे मनात होतं. गोठ्यात डोकावलो. शी! शेण, मूत, माशा, आणि मधोमध आमची एकुलती एक गाय, तांबडी, वाळका कडबा चघळत उभी. बायको तिला बारा महिने तेच घालते. मेलेली ज्वारी खायची आणि वर दूध द्यायचं!
चारापिकांचं दोन दिवसांचं ट्रेनिंग मी करून आलोय. (दुसऱ्या दिवशी गेलो नाही. सगळं पहिल्याच दिवशी कळलं होतं.) संकल्प : एका वाफ्यात नेपिअर गवत, बाकी मका. मक्याचा मुरघास करायचा, म्हणजे हिरवा चारा कापून, दाबून, हवाबंद मुरवायचा. गाईचं लोणचंच म्हणा. दूध दुप्पट.
बायकोला समजावून सांगितलं. म्हणाली, आधी शेण काढा.

५ जून
शेण काढलं नाही. माझं काम प्लॅनिंगचं.

११ जून
नेपिअरच्या कांड्या लावल्या. मकाही पेरला. चिखल नखांत गेला. साबण लावून लावून हात धुतले, तरी जेवताना घास उतरेना. शेजारचं शेत मेहुण्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं. तो बांधावर येऊन म्हणाला की दाजी, कांड्या उलट्या लावल्यात, कोंब फुटायचे डोळे खाली गेलेत. मी म्हटलं, झाडाला वर-खाली कळतं. तो तंबाखू थुंकून निघून गेला. माझ्या वाफ्यात थुंकला! काय ही माणसं.

९ जुलै
नेपिअर काय जोमात आलंय! वरून युरिया दिला. मेहुण्याला मुद्दाम बोलावून दाखवलं. तो खाली बसून हसला. म्हणे, दाजी, हे तण आहे, गवत ते कोपऱ्यात दिसतंय तेवढंच. जळतो मेला.

१३ जुलै
तणच निघालं. पण तण इतकं माजतं म्हणजे जमीन किती कसदार! आणि ती माझ्या खतामुळे. हे कुणी बोलणार नाही. आता सगळी मदार मक्यावर. मका झकास आहे. (मधली खुरपणी बायकोने केली, पण कल्पना माझी.)

२८ ऑगस्ट
मका कापला. कापला मेहुण्याने, देखरेख माझी. मक्याची कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, करून प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्यांत भरायची, वर उभं राहून पायांनी तुडवायची. आत हवा राहिली तर सडते म्हणे. मेहुणा त्याच्या कामाला गेल्यावर पिशवीत एक पाय घातला. गार, ओला, पचपचीत. बोटांच्या बेचक्यांत हिरवा रस! अंगावर शहारे आले. पाय काढून घेतला आणि काठीने दाबलं. काठी एकदोनदा आरपार गेली. चिकटपट्टी मारली.
संध्याकाळी बायकोने विचारलं, नीट तुडवलंत ना? मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे हो म्हणणं नव्हे.

६ सप्टेंबर
रोज पिशवी उघडून वास घेतो. क्वालिटी कंट्रोल. बायको म्हणते, उघडायची नसते ना? ट्रेनिंगला ती गेली होती की मी?

२ ऑक्टोबर, सकाळी
बायको दिवसभर बाहेर. शुभारंभ आजच. पिशवी सोडली. काळपट, बुळबुळीत, वर पांढरी बुरशी. वास बंद पडलेल्या फ्रीजसारखा. मुरघासाला आंबूस वास येतो असं शिकवलं होतं. हा आंबूसच, जरा पुढे गेलेला. नाकाला रुमाल बांधून गव्हाणीत टाकला. तांबडीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. नखरे! बायकोने लाडावून ठेवलीय.

त्याच दिवशी, दुपारी
कडबा उचलून ठेवला. मुरघासात गूळ कालवला. भुकेने का होईना, खाल्ला! शेवटी विज्ञान जिंकलं.

३ ऑक्टोबर
तांबडी बसलीय ती उठत नाही. रवंथ बंद. मागून जे वाहतंय ते लिहवत नाही.
जनावरांचे डॉक्टर आले. काय खाऊ घातलंत, विचारलं. मी म्हटलं, संतुलित आहार. ते पिशवीपाशी गेले, मूठभर माल आणून माझ्या नाकाखाली धरला आणि विचारलं की तुम्ही खाल का हे? किती हा असभ्यपणा. मग मला तांबडीचं शेपूट धरायला लावलं आणि तिला मागून तपासलं. शर्ट फेकून द्यावा लागला.
बायको तांबडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. वासरू होती तेव्हापासून तिनेच वाढवलंय तिला. मी म्हटलं, हवा बदललीय, सगळीकडे जनावरं आजारी आहेत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तांबडीचं तोंड पदराने पुसलं.

९ ऑक्टोबर
तांबडी उठली. वाचली. दूध मात्र आटलं. बायकोने तिला भावाच्या गोठ्यात नेऊन बांधलं. तांबडीजवळ जायचं नाही, असं मला सांगून ठेवलंय. बरं झालं, घाण गेली. आता शांतपणे अभ्यास करता येईल. पिशव्या पुरल्या. पुरताना दोनदा ओकलो.

१७ ऑक्टोबर
अभ्यास झाला नाही. बायको दिवसभर भावाकडेच असते. घरात फारच शांत.
सहज तिकडे गेलो. सहजच. वाटेत ओढ्याकाठचं कोवळं गवत उपटलं, पाण्यात स्वच्छ धुतलं. बायको परसात होती, गोठ्याच्या दारात मेहुणा होता. त्याने अडवलं नाही. तांबडी निवांत रवंथ करत होती. मी मूठ पुढे केली. तिने गवताचा नाही, माझ्या हाताचा वास घेतला. मग मागे सरकली. मी एक पाऊल पुढे गेलो, ती आणखी मागे. दावं ताणेपर्यंत.
मेहुणा नेमका तेव्हाच दुसरीकडे बघायला लागला. मी म्हटलं, पोट भरलंय बहुतेक तिचं. तो म्हणाला, हो दाजी, भरलंच असेल.
गवत येताना वाटेत टाकलं.