कॉफी कलरचा पीस आणि परतीचा आहेर

उदगीर,
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थरूप म्हणावं तर तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी लहान, चिरंजीव म्हणावं तर तुमचे गुडघे माझ्याआधी गेले. म्हणून नुसतंच आमचे साडू शिवकुमारअप्पा यांस माणिकप्पाचा शरणार्थ.

इकडे सर्व क्षेम आहे. (क्षेम म्हणजे गौरम्मा माझ्याशी सतरा दिवस बोललेली नाही, ते पुढे येईलच.) अर्धापूरचं नवं घर मानवलं का? केळीवरचा करपा गेला का? नागम्माचा खांदा कसा आहे? फोन करता आला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून अख्ख्या ओसरीला ऐकवता आणि ही गोष्ट ओसरीला ऐकवायची नव्हे.

विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला असलेली आमची नात साक्षी दिवाळीला घरी आली. बेंबीच्या वर चढवलेली चुण्यांची ढगळ पँट आणि खांद्यापर्यंत पोचलेली कॉलर. मला वाटलं, होस्टेलवर चोरी झाली आणि पोरगी कुणाच्या तरी आजोबांचे कपडे घालून आली. तर म्हणते, "आजोबा, ऐंशीची फॅशन परत आली हाय." फुग्यांच्या बाह्या, रुपयाएवढे ठिपके, खांद्यात पॅड, सगळं आलंय म्हणे. मी खात्री करायला लातूरला गेलो. (दाढही दाखवायची होती.) तिथे दुकानाच्या काचेत अगदी माझ्यासारखा माणूस उभा, फक्त प्लास्टिकचा. बसस्टँडवर दोन पोरांनी माझा बशीएवढा चष्मा कुठून घेतला म्हणून विचारलं. मी हा चष्मा चाळीस वर्षं बदलला नाही तेव्हा तुम्ही हसलात, ते मी विसरलेलो नाही.

असो. तर साक्षीला कॉलेजच्या गॅदरिंगसाठी सफारी हवी, तीही त्या काळच्या अस्सल कापडाची. गौरम्मा ताडकन उठली. "माझ्या आप्पांनी लग्नात दिलेला पीस हाय की ट्रंकेत!" म्हणाली आणि ट्रंक उघडली. आत डांबरगोळ्या होत्या.

अप्पा, तो पीस तुम्हाला माहीत आहे. कॉफी कलर, बारीक रेघ, कोपऱ्यात सोनेरी शिक्का. आपल्या सासऱ्यांनी पंच्याऐंशी साली मला दिला. चांगल्या प्रसंगाला शिवू म्हणून मी ठेवला, आणि चांगला प्रसंग येईपर्यंत सफारीची फॅशनच गेली. मग चौऱ्याण्णवला देगलूरच्या लग्नात आहेर म्हणून दिला. तो निलंग्यावरून फिरून नव्व्याण्णवला माझ्याच सत्कारात परत आला. पुन्हा दिला, पुन्हा आला. तीन वेळा आला, अप्पा, आणि प्लास्टिकची पिशवीसुद्धा कुणी फोडली नव्हती. आपल्या पाव्हण्यारावळ्यांत असं एकही घर नसेल ज्याच्या कपाटात तो मुक्काम करून गेला नाही. चौथ्यांदा मी तो श्रावणात तुमच्या वास्तुशांतीला दिला, आणि देताना "खास तुमच्यासाठी निवडला" असंही म्हणालो.

हे सगळं मी कबूल केल्यावर गौरम्माने ट्रंक बंद केली आणि तोंडही. भाकरी वाढते, पण माझ्याकडे न बघता. खोटं कशाला सांगू, पहिल्या रात्री मला घास गेला नाही. तिच्या बापाची एकच वस्तू घरात होती आणि ती मी टॉवेल-टोपीसारखी गावभर फिरवली.

आता दिलेला आहेर परत मागायचा नाही, हे आपल्याकडे लेकरालाही कळतं. पण परतीच्या आहेरात तो आपोआप आला तर घेणाऱ्याला दोष नाही. शिवाय माझं घर सोडलं तर तो पीस कुठल्याही घरात महिनाभराच्या वर टिकत नाही, हा तीस वर्षांचा अनुभव. म्हणून मी ठरवलं की तुमच्याकडच्या पाव्हण्यांचा एकही कार्यक्रम सोडायचा नाही. देगलूरला बारशाला गेलो: टॉवेल, टोपी. निलंग्याला एका लाइनमनच्या निवृत्तीला गेलो. त्या माणसाला मी जन्मात पाहिलं नव्हतं, पण मास्तर दिसतोय म्हणून मला माइकपाशी ढकललं. मी वीस मिनिटं त्याच्या सचोटीवर बोललो. तो रडला, मीही रडलो. टॉवेल, टोपी, नारळ.

किल्लारीला जावळ होतं. खऱ्या मामाची जीप वाटेत बंद पडलेली, मुहूर्त टळत चाललेला, म्हणून मला मामा करून लेकरू माझ्या मांडीवर बसवलं. न्हाव्याचा हात चालू असताना लेकराने आपलं काम केलं. पँट धुऊन वाळेपर्यंत मी आहेरात मिळालेले तीन टॉवेल गुंडाळून पंक्तीत बसलो. एवढ्यात खरा मामा आला. (तो प्रसंग लिहीत नाही.) सगळीकडे लाउडस्पीकरवर "उदगीरचे माणिकप्पा मास्तर यांच्याकडून" ऐकून लोकांना वाटायला लागलंय की मी जिल्हा परिषदेला उभा राहणार. काल एक जण घरी येऊन म्हणाला, "मास्तर, लई दिवसांनी चांगला माणूस उभा राहून राहिला. आमच्या गल्लीच्या नालीचं तेवढं बघा." मी बघतो म्हणालो.

घरात आता अकरा टोप्या आहेत, डोकं एकच. वडीलधाऱ्यांस नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. पत्राची पोच द्यावी.

आपला,
माणिकप्पा

ता. क. किल्लारीला तुमचे जावई अमरेशराव भेटले. त्यांच्याकडून कळलं की पीस तुमच्याच कपाटात आहे आणि मार्गशीर्षातल्या लग्नात तुम्ही तो देऊन टाकणार आहात. मी मागत नाही. मागणारच नाही. पण त्याआधी तुमच्याकडे एखादा कार्यक्रम का होऊ नये? बोअरचं पूजन करा. म्हैस व्याली असेल तर रेडकाचं बारसं करा. मी येतो, तुम्ही परतीचा आहेर करा, दोघांची अब्रू राहील. आमचे शिंपी सलीम मास्तर कात्रीला धार लावून बसलेत. "ऐसा कपडा अब मिलताच नहीं, मास्तर," रोज म्हणतात.

दुसरा ता. क. गौरम्माला यातलं काही कळू देऊ नये.

शिवकुमारअप्पा, ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून खाली लिहून राहिले. पीस तुमच्या कपाटात न्हाई. मी नागम्माला फोन करून मागितला, तिनं हाव म्हणलं, दोन मिनटाचं काम. हे किल्लारीला मामा झाले त्या दिवशी साक्षी अर्धापूरहून घेऊन आली. सलीम मास्तरनं शिवून दिला, काल पोरीनं घालून फोटो पाठवला. माझ्या आप्पांनी ते कापड घेतलं तवा मी दुकानात संगट होते. हे एकदा तरी घालतील म्हणून चाळीस वर्षं वाट बघितली. आता नातीच्या अंगावर बघितलं, लई रडले. सलीम मास्तरला बजावलं हाय, ह्यांना सांगू नका. हिंडून ह्यांची शुगर उतरली. रेडकाचं बारसं तेवढं कराच. उरलेल्या कापडाची टोपी निघाली, ती संगट पाठवून राहिले. परतीच्या आहेरात ह्यांना द्या.
– गौरम्मा