बाबांच्या गाठीची दुसरी बाजू

मंगळवार, ३ फेब्रुवारी

काय झालं ते क्रमाने:
१. बाबांच्या डाव्या मूत्रपिंडावर गाठ आहे. स्कॅन मीच काढला. तेच माझं काम.
२. सर्जनबाई म्हणाल्या, ऑपरेशन करा.
३. बाबा म्हणाले, "गाठ दिसते, एवढं मान्य. बाकी निर्णय तहकूब."
४. मी दार आपटलं नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी

बाबांनी अथेन्समध्ये जन्मभर संशयवाद शिकवला, आता स्वतःवर चालवताहेत! जेवताना पुन्हा तोच इतिहास. संशयवाद्यांचा मूळपुरुष पिऱ्हो म्हणे गाड्यांसमोरून चालायचा, मित्र बाजूला ओढायचे – म्हणजे मत नसणाऱ्याचा जीव मत असणाऱ्यांनी वाचवायचा. त्याच्यानंतरचा ग्रीक संशयवादी कार्नियाडीस रोममध्ये एक दिवस न्यायाच्या बाजूने बोलला, दुसऱ्या दिवशी विरुद्ध. टाळ्या घेतल्या, घरी आला. पुढे तो फ्रेंच तत्त्वज्ञ – शेकोटीपाशी बसून सगळ्या जगावर संशय, शेकोटी मात्र विझू द्यायची नाही. एवढी मोठी परंपरा, पण यांतल्या एकालाही ऑपरेशनची तारीख घ्यायची नव्हती.

शनिवार, ७ फेब्रुवारी

बाबांचा कंपू स्वयंपाकघरात. स्ट्रातिसकाका, निवृत्त वकील. एव्हगेनियामावशी, औषधांचं दुकान चालवायच्या. कॉफी, लुकुमीच्या साखर घोळवलेल्या वड्या, आणि वादाचा विषय – बाबांची गाठ! किळस आली.

यांचा एक नियम आहे: ज्याची खात्री सर्वांत पक्की, त्याने उलट बाजू मांडायची.

"मग इस्मिनीच बोलणार," स्ट्रातिसकाका माझ्याकडे बोट करून. "पोरीला देवापेक्षा जास्त खात्री!"

"काका, तुम्ही खटले हरायचात ते उगाच नाही."

"हरायचो का, यावर दोन मतं आहेत गं!"

मंगळवारी बोलेन म्हटलं. चार वाक्यांत उरकेन.

सोमवार, ९ फेब्रुवारी

तयारी. चार वाक्यांत बसत नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

बोलले, ऑपरेशन नको या बाजूने. गाठ लहान. या वयात अशा गाठी बहुधा हळू वाढतात. बाबांचं हृदय कमजोर, भूल सोसेलच असं नाही. नुसतं लक्ष ठेवणं हाही उपचार असतो.

मावशी उत्तर द्यायला उठल्या. उत्तराऐवजी माझ्यापुढे कॉफी सरकवली. "अगं, हे आधी का नाही बोललीस?"

"कारण मी हे मानत नाही."

बाबा लुकुमीची साखर झटकत म्हणाले, "सुरेख मांडलंस. मी ऑपरेशन करून घेतो."

"पटलं शेवटी?"

"छे! आपल्याकडे आजारी माणूस डॉक्टरचं ऐकतो. रीत आहे, पाळतो. त्याला मत कशाला लागतं, बाळा?"

काकांनी टाळी वाजवली. मूर्ख आहेत सगळे! मला हवं होतं तेच झालं. चांगलंच झालं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सर्जनबाईंना पाठवलं: "वडिलांनी होकार दिला आहे. तरी ऑपरेशन न करता फक्त लक्ष ठेवण्याचा पर्याय तुम्ही तपासला होता का? कृपया शुक्रवार, १३ तारखेपर्यंत उत्तर द्या. तोवर ऑपरेशनची तारीख ठरवू नका."