ती साइट फिलोमेनाच्या नावे

मी, नाझ्झरेनो चिलिया, वय एकोणसाठ, राहणार मार्सास्काला, माल्टा, कुणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, आपल्या मर्जीने हे लिहून ठेवतो. यकृत कामातून गेलं आहे, डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला नोटरी ग्रिश्तीबाईंकडे दिला आहे. याआधी केलेली मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहतं घर बहीण फिलोमेना हिला. वरची समुद्राकडची खोली मी मागाहून चढवली. ती कशाच्या जिवावर चढली ते कलम ३ वाचल्यावर कळेल. मग तिने हवं तर ती पाडावी.

२. कचेरीतली खुर्ची आणि कॉफीचं यंत्र भागीदार अँटोन शुएरेब याला. यंत्र गळतं, हे मी त्याला मुद्दाम सांगितलेलं नाही. धंदा त्यानेच शिकवला. इंटरनेटवर लोक काही शोधू लागले की आपली पानं सगळ्यांत वर दिसली पाहिजेत, आणि तिथून माणूस पोकरच्या साइटवर गेला पाहिजे. आपल्या दारातून गेलेला जितकं हरेल त्यात आपला वाटा, तो खेळतोय तोवर. "आधी पहिल्या पानावर ये, पापपुण्य दुसऱ्या पानावर बघू," असं अँटोन म्हणायचा, आणि मी हसायचो. हसण्याचा दोष त्याच्यावर ढकलत नाही.

मेहुणा विस्टिन, फिलोमेनाचा नवरा, बस चालवायचा. रविवारी सशाच्या रश्शात पाव बुडवताना हटकून विचारायचा, "नाझ्झू, तू नेमकं विकतोस तरी काय रे?"

"जाहिराती."

"कसल्या?"

"तू जेव गपचूप." फिलोमेना हसायची. तो विषय तिथेच संपायचा.

३. आता मुख्य मालमत्ता. जुगार सोडू पाहणाऱ्यांना मदत करणारी एक संस्था होती. ती बंद पडली आणि तिच्या साइटच्या नावाचं वार्षिक शुल्क कुणी भरलं नाही. अशी सुटलेली जुनी नावं आमचे लोक टपून बसून उचलतात, कारण शोधयंत्राचा जुन्या नावावर विश्वास असतो. हे मी उचललं. वर मथळा ठेवला, 'पोकर सोडायचंय? आधी हे वाचा.' चार ओळी समजुतीच्या, आणि खाली पोकरच्या पाच साइट. सोडायला आलेला माणूस सगळ्यांत जास्त खेळतो, हे आम्हाला ठाऊक होतं. देवा, पक्कं ठाऊक होतं.

अँटोन म्हणायचा, "आपण काय कुणाचा हात धरून खेळवतो? रस्त्यावर पाटी लावतो, बस." पण पाटी आम्ही दवाखान्याच्या दारावर लावली होती.

गिऱ्हाइकांची नावं आम्हाला दिसत नसत, नुसता क्रमांक आणि गाव. एकदा मार्सास्काला दिसलं. "अरे, माझ्या गावचा कोणीतरी आलाय!" म्हणून मी अँटोनला कॉफी पाजली.

सात महिन्यांनी विस्टिन मासे धरायला म्हणून पहाटे होडी घेऊन गेला. होडी सापडली, तो दोन दिवसांनी. फोनवर पोकर खेळून त्याने त्यांचं राहतं घर गहाण टाकलं होतं, हे फिलोमेनाला त्याच्या दफनानंतर कळलं. त्याच्या बसवाल्या कोटाच्या खिशात चर्चमधून आणलेलं एक जुनं पत्रक होतं. त्या संस्थेचं. साइटच्या नावाखाली त्याने पेन्सिलने रेघ मारली होती.

तिने ते माझ्यापुढे धरलं. "हा बिचारा सोडायला बघत होता रे, नाझ्झू. इथे गेला आणि आणखीच बुडाला. ही साइट कुणाची आहे? तुला कळतं ना त्यातलं."

मी म्हणालो, "काही कल्पना नाही, फिलू."

त्याच संध्याकाळी मी ते पान पुसलं. आता तिथे मदतीचा एक फोन नंबर आहे, बाकी पांढरं. अँटोन खवळला, "डोकं फिरलं का तुझं? सोन्याचं अंडं देणारी कोंबडी कापलीस!" अजूनही रोज तीसचाळीस माणसं तिथे येतात. विस्टिन मात्र गेला, आणि मी सहा वर्षं दर रविवारी त्याच्या बायकोच्या हातचं जेवलो. तोंडाशी आलेलं प्रत्येक वेळी रश्शाबरोबर गिळलं. भित्रा होतो, दुसरं काही नाही.

४. सदर साइट, नावासकट, मी फिलोमेनाला देतो. किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, नोटरीबाईंकडे बंद पाकिटात आहेत. दहा वर्षांचं शुल्क भरलं आहे. त्याहून पुढचं आगाऊ घेत नाहीत. मुदत दहाव्या वर्षी आठ नोव्हेंबरला संपते. त्यानंतर दरवर्षी भरावं लागेल. एखाद्या वर्षी राहिलं, तर अँटोन किंवा त्याच्यासारखा कोणी टपलेलाच आहे, आणि ते लोक तारीख विसरत नाहीत. चर्चच्या फळीवर ती पत्रकं अजून पडून आहेत.

५. फिलू, माझ्या दफनाला येऊ नकोस, चालेल. घर नको असेल तर चर्चला दे. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. एवढं मात्र नाकारू नकोस. साइट कुणाची, असं तू विचारलं होतंस. माझी होती. आता तुझी आहे.

मजकूर न वाचता, माझ्या सहीपुरते साक्षीदार:
सॅव्हेरियो बायादा, बेकरीवाले
रोझारिया कुतायार, परिचारिका

सही: नाझ्झरेनो चिलिया
मार्सास्काला, १४ ऑक्टोबर २०१९