न लावलेली लाल पट्टी

ता. १६, सोमवार

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तू बरी आहेस का, हे विचारायला फोन केला होता, एकदा नाही, सात वेळा. तू उचलला नाहीस. कान दुखत असेल. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. सातवीपर्यंत गावच्या शाळेत गेलेय. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा बरं वाचता येईल.

पहिली बातमी. मला बढती मिळाली! आता मी वॉर्डातली आया नाही, चादरींच्या खोलीची मालकीण आहे. तळघरात, धुलाईच्या शेजारी. हाताखाली चारशे चादरी आणि दोनशे अभ्रे, आणि एकही उलट बोलत नाही. सकाळी आठला कुलूप उघडायचं, चारला लावायचं. मधे गाडा ढकलणारे काका येतात. ते विचारतात, "किती?" मी म्हणते, "चाळीस." झाल्या गप्पा. परवा मी मुद्दाम म्हटलं, "चाळीस, पण वय नाही हो." ते चादरी मोजत राहिले.

घरी तरी काय वेगळं? आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली. मी कुकरशी बोलते. तो तीन शिट्ट्या तरी देतो. ह्यांनी उभ्या जन्मात एक दिली नाही.

मिशीवाला वॉचमन तुझी चौकशी करत होता. म्हणाला, "टिटवी नाही तर वॉर्ड कसा सुतकात असल्यासारखा वाटतो." नाव मी ठेवलं, पण चिकटलं बघ. काटकुळे पाय आणि दिवसभर टिवटिव, दुसरं काय ठेवणार?

बढती कशी मिळाली ते विचारशील. सांगते. आधी दुसरं सांगते.

तुझी चौकशी लागलीय, बुधवारी अकरा वाजता, हे तुला कळवलं असेलच. बारा नंबरच्या आजोबांच्या मुलानं लिहून दिलंय, की त्यानं आजवर कुणावर हात उचलला नाही. तूच उर्मट बोललीस, त्याचा तोल गेला आणि एक थप्पड बसली. बसली म्हणे! पोरीच्या कानाचा पडदा फाटला आणि ह्याची थप्पड माशीसारखी आपली आपण येऊन बसली. आणि आपले मोठे साहेब काय म्हणतात? "वहीत त्या माणसाबद्दल आधीची काही नोंद नाही. मग सिस्टरच काहीतरी बोलली असणार."

आधीची नोंद नाही. हे ऐकलं आणि मी जेवणाचा डबा तसाच झाकून उठले.

तुला ती बाई आठवते, भिंतीवर चित्रं दाखवत शिकवायला आली होती? दवाखान्यातली मारामारी कशी टाळायची ते. चिडलेल्या माणसाशी बोलताना दार आपल्या बाजूला ठेवायचं. कुणी साधं ढकललं तरी त्याच दिवशी वहीत लिहायचं. लिहिलं की पेशंटच्या फाईलला लाल पट्टी लागणार, मग तिथं एकटीनं जायचं नाही, दोघींनी जायचं, आणि वॉचमन दाराशी. मी मागून ओरडले, "बाई, ही पट्टी माझ्या सासूच्या कपाळाला लावायला हवी होती!" सगळ्या खिदळल्या. बाईसुद्धा हसली. मग म्हणाली, "मावशी, हसा, पण लिहा."

मी लिहिलं नाही, टिटवे.

ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवू? तुला मारलं त्याच्या आदल्या दिवशी, तीन तारखेला, मी लादीवरून घसरले ना? मी घसरले नव्हते.

दुपारचे दोन वाजले होते. बारा नंबरपाशी लादी पुसायची होती. तो मुलगा सकाळपासून पलंगाशी उभा. मी म्हटलं, "साहेब, पाच मिनिटं बाहेर व्हा." तो म्हणाला, "आधी डॉक्टरला बोलवा. दोन दिवस झाले, कुणी धड सांगत नाही." ते खरंच होतं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण माझी जीभ तुला ठाऊक आहे. म्हटलं, "वडील गप पडलेत आणि कण्हताय तुम्हीच." त्यानं दोन्ही हातांनी मला ढकललं. मी जाऊन औषधांच्या ट्रॉलीवर आदळले. आजोबा बघत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. मुलगा मला ओलांडून बाहेर गेला.

मग तू धावत आलीस. "काय झालं, मावशी?" मी म्हटलं, "लादीनं डोळा मारला, गेले मी!" एवढंच नाही, उठून परत एकदा पडून दाखवलं. तू पोट धरून हसलीस. म्हणालीस, "ह्या वयात लादीलासुद्धा मोह आवरत नाही तुमचा!" माझ्या कोपरावर बर्फ तूच धरलास. वहीत तूच लिहिलंस, 'ओल्या लादीवरून घसरून पडल्या.' गोल गोल अक्षरात. मी खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी रिपोर्टला उशीर होतोय हे सांगायला तू त्याच्याकडे एकटी गेलीस. फाईलला पट्टी नव्हती. तू का थांबावंस?

गेल्या सोमवारी मी मोठ्या सिस्टरना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही तर कुणाच्या बापाला भीत नाही. मग खोटं का?" मी म्हटलं, "खरं सांगितलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, म्हातारी झाली, धक्का लागला की पडते, पाठवा हिला चादरींच्या खोलीत. वॉर्ड सोडला तर मला माणसं कुठं आहेत?" त्यांनी वही पुढं ओढली. खोटी सही केली म्हणून साहेबांनी दुसऱ्याच दिवशी मला पाठवलं, ते चादरींच्याच खोलीत. हसायचं तर हस.

मी त्यांना हेही म्हटलं, की चेष्टा मीच केली होती, सुरुवात माझीच. तर त्या म्हणाल्या, "चेष्टेचं उत्तर चेष्टा असतं, फार तर शिवी. हात नसतो. आणि असं आहे तर मग त्या पोरीनं कुठं चेष्टा केली होती?" मला उत्तर सुचलं नाही. मला! वॉर्डात पेढे वाटायला हवेत.

आता वहीत असं आहे: 'तीन तारखेला बारा नंबरच्या पेशंटच्या मुलाने मला दोन्ही हातांनी ढकलले. मी घसरले नाही. मी खोटे सांगितले. सिस्टरला हे माहीत नव्हते.' शेवटचं वाक्य मी हट्टानं घालून घेतलं.

पण तो मुलगा म्हणतोय, हे सगळं मागाहून रचलंय. म्हणून बुधवारी मला त्याच्यासमोर बसून सांगायचंय. साहेब म्हणाले, तो समोरच्याच खुर्चीत असेल.

फोनवर हे जमलं नसतं. फोनवर मी काहीतरी पाचकळ बोलले असते आणि तू हसून, नाहीतर रडून, फोन ठेवला असतास. कागदावर चेष्टा लिहिली तरी खोडता येते. ह्या पत्रात चार खोडल्यात.

मोठ्या सिस्टरना सांगितलं नाही ते तुला सांगते. चादरींच्या खोलीचं कारण खरं आहे, पण अर्धं. तो मला ओलांडून गेला ना, तेव्हा मी घाबरले. त्याच्या नावाची नोंद केली तर तो उद्या मला जिन्यात गाठेल, असं वाटलं. साठ वर्षांत कुणाला कळू दिलं नाही की मला भीती वाटते. ती कळू नये म्हणून मी पडून दाखवलं, तुला हसवलं, आणि तुला त्याच्या पुढ्यात एकटी जाऊ दिलं.

माफ कर असं लिहीत नाही. कान तुझा गेलाय. रागाव, हवं तितकं रागाव, ते मी झेलीन.

बुधवारी मी जाणार आहे. अजून भीती वाटते, तरी जाणार. तू आलीस तर तुझ्या बाजूला बसेन. तुला मी बाजूला नको असेन तर दुसऱ्या टोकाला बसेन. आली नाहीस तरी जे झालं तेच सांगेन, आणि त्यात एकही चेष्टा नसेल.

कानात पाणी जाऊ देऊ नकोस. औषध वेळेवर घे.

तुझी,
भित्री मावशी