शिवणयंत्रावरून नगरपालिकेकडे

३ मार्च. सकाळ.
नगरपालिकेला उभं राहायचं ठरवलं. अपक्ष. वॉर्डातल्या निम्म्या लोकांच्या कंबरेची मापं मला तोंडपाठ आहेत. एवढा जनसंपर्क दुसऱ्या कुणाचा आहे? हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी शाळेतल्या बाईंचा ड्रेस शिवून द्या. बायका राजकारण फार लहान करून टाकतात.

५ मार्च.
अर्ज भरला. समोर ठेकेदार, गेल्या वेळचाच नगरसेवक. माणूस वजनदार, पण कपडे रेडिमेड. बाह्या बोटांपर्यंत येतात. ज्याला स्वतःच्या बाह्या आवरत नाहीत तो वॉर्ड काय आवरणार? हे भाषणात घ्यायचं.

९ मार्च.
चिन्ह म्हणून कात्री मागितली होती. मिळालं कुलूप. मेहुणा माझा प्रचारप्रमुख (सध्या त्याला दुसरं काम नाही). तो म्हणाला, कुलूप म्हणजे सुरक्षितता. पटलं. दुकानाच्या दारावर कुलपाचं हे मोठं पोस्टर लावलं.

११ मार्च.
गिऱ्हाईक नाही. लोक दारापर्यंत येतात, पोस्टर बघतात, परत जातात. प्रचारात व्यत्यय नको म्हणून असणार. समजूतदार मतदार.

१४ मार्च. संध्याकाळ.
घरोघर फिरलो. रिस्पॉन्स जबरदस्त. सगळीकडे एकच प्रश्न, आमचे कपडे कधी? मी म्हणालो, निकालानंतर. सगळे म्हणाले, मत तुम्हालाच, पण कपडे द्या हो. शाळेतल्या बाईंनी तर हात जोडले. भाचीचं लग्न परवावर आलंय म्हणाल्या. मेहुण्याने सगळ्यांना 'पक्के'मध्ये धरलं.

१५ मार्च.
ही दिवसभर मशीनवर. बाईंचा ड्रेस, पोस्टमनची पँट, राहिलेलं सगळं उरकलं आणि स्वतः जाऊन देऊन आली. मला न विचारता. मेहुणा म्हणाला, ताईने पक्की मतं घालवली. मी तिला बोललो. जरा जास्तच बोललो. तिने मशीनवर कापड घातलं. शेवटी एवढंच म्हणाली, लोक विचारत होते दुकान बंद केलंत का. काय सांगू त्यांना?
मी म्हणालो, सांग, सुरक्षितता.

१९ मार्च.
कोपऱ्यावरच्या रेडिमेडच्या दुकानात ही अल्टरेशनला जायला लागली. घर चालायला नको का, म्हणाली. हरकत नाही. तिथे गर्दी असते. आतून प्रचार होईल.

२३ मार्च.
मेहुण्याचा फोन बंद. दुपारी ठेकेदाराच्या जीपमध्ये माइक धरून बसलेला दिसला. आतल्या बातम्या काढत असणार. मी हात केला, त्याने मान फिरवली. मुरलेला गडी.

२६ मार्च.
मतदान. केंद्राबाहेर उभा राहून पाय भरून आले. येणारे-जाणारे सगळे हसले. लाट म्हणतात ती हीच.

२७ मार्च.
ठेकेदार निवडून आला. मी सगळ्यात खाली. 'यांपैकी कोणी नाही' हेसुद्धा माझ्या वर. घरी आल्यावर हिने ताट घेतलं. म्हणाली, वाढू का? हो म्हणालो. जेवलो.

३० मार्च.
पोस्टर खरवडून काढलं. दुकान उघडं ठेवून बसलो. कुणी आलं नाही. शाळेतल्या बाई समोरून चालल्या होत्या, हातात रेडिमेडची पिशवी. थांबल्या. म्हणाल्या, तुमच्या मिसेसनी फिटिंग काय सुरेख करून दिलं. मी धन्यवाद म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

२ एप्रिल. संध्याकाळ.
रेडिमेडच्या दुकानातून ही एक कोट घरी घेऊन आली. ठेकेदाराचा, पहिल्या सभेला घालायचा. तिथे माणसं कमी पडताहेत. मी रिकामाच होतो. बटणं लावून दिली. टाके बारीक आले. हिने कोट उजेडात धरून नीट बघितला. म्हणाली, मालकांशी बोलले आहे, उद्यापासून तुम्हीही या. बऱ्याच दिवसांनी माझ्याशी नीट बोलली.
मी म्हणालो, विचार करतो. मग विचारलं, पद कोणतं?
ती म्हणाली, बटणं.